डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात पाऊस बेताचाच पडतो. म्हणून यंदा बाजरी किती पिकली, हा तेथे केवळ कुतूहलाचा प्रश्न नसतो. पूर्वी पिकाची आणेवारी नजरेनेच ठरत असे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. आणेवारी फार कमी लागली तर सारा तहकूब होई. ती चुकून जास्त लागली, तर कणगी रिकामी असूनही शेतकऱ्याला सारा भरावा लागे. आता त्याच शिवारात पीककापणी प्रयोग होतात. बाजरीच्या शेतात सामान्यतः 10 मीटर लांब व 5 मीटर रुंद तुकडा आखतात, तेवढेच पीक कापून धान्य तोलतात आणि अशा अनेक तोलांवरून साऱ्या भागाचे उत्पन्न काढतात. ही पद्धत आपल्या देशात शास्त्रशुद्ध पायावर उभी करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे होत.

त्यांचा जन्म 27 जुलै 1911 रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून 1932 साली पदवी घेतल्यावर ते लंडनला गेले आणि 1936 साली संख्याशास्त्रात डॉक्टर झाले. थोड्या नमुन्यावरून साऱ्याचा अंदाज कसा बांधावा आणि तो कितपत चुकू शकेल, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. शितावरून भाताची परीक्षा आपल्या घरी रोजच होते. परंतु भात एका आचेवर शिजतो. शेते मात्र सारखी नसतात.

1940 साली ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. 1943 साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मृत्युमुखी पडली. देशात धान्य किती आहे, हे खात्रीने सांगणारे आकडे त्या वेळी नव्हते. सुखात्मे यांनी पिकांची पाहणी हाती घेतली. कोणते गाव, त्यातील कोणते शेत, शेतातील कोणती जागा, हे सारे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरे. कारण निवड माणसावर सोपवली की त्याची दृष्टी नकळत डोलणाऱ्या पिकाकडे वळते.

तुकडा केवढा असावा, याविषयी मात्र मोठा मतभेद झाला. कलकत्त्याचे थोर संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते; त्यात श्रम व पैसा वाचे. सुखात्मे यांनी निरनिराळ्या आकारांचे तुकडे प्रत्यक्ष कापवून पाहिले, तेव्हा अगदी लहान तुकड्यांतून उत्पन्न खऱ्याहून बरेच जास्त दिसू लागले. कारण साधे होते. कडेवरचे रोप आतले की बाहेरचे, असा संशय आला की कापणारा ते आतच धरी. दोन फूट लांबी-रुंदीच्या चौरसात दर चौरस फुटामागे दोन फूट कड येते. 33 फूट लांब व साडेसोळा फूट रुंद तुकड्यात साडेपाच चौरस फुटांमागे एकच फूट. हे गणित वहीत अवश्य करून पाहावे. सुखात्मे यांनी हा मोठा तुकडा पसंत केला. सिन्नरच्या शेतातला तुकडा जवळपास तेवढाच आहे.

पुढे 1970 पर्यंत ते रोम येथील जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जगात उपाशी किती, याचे गणित त्यांनी तेथे मांडले. 1971 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पुण्यास परतल्यावर त्यांनी आहाराच्या पाहण्यांचे आकडे तपासले. गरिबांच्या जेवणात मुख्यतः प्रथिनेच कमी पडतात, असे तेव्हा अनेक तज्ज्ञ मानीत. सुखात्मे यांचे म्हणणे वेगळे होते : गरिबांना मुळात अन्नच अपुरे मिळते, भाकरी आणि डाळ पोटभर मिळाली, तर प्रथिनांची उणीव बहुधा त्यातूनच भरून निघते. हे सर्वांना पटले नाही. 28 जानेवारी 1997 रोजी त्यांचे निधन झाले, तोवर हा वाद मिटला नव्हता.