संन्यास घेऊन मास्तरकी करणारे स्वामीजी

बारावीचा निकाल लागला की आमच्या निलंग्याच्या कार्यालयात बापलेकांची वर्दळ वाढते. सोयाबीनच्या बियाण्याचं विचारायला आलेला बाप जाता जाता हळूच विचारतो, साहेब, लेकराला कुठं घालावं? कोणतं शिक्षण, यापेक्षा नोकरी लागंल का, याचीच काळजी जास्त. चूक त्याची नाही. चार एकर कोरडवाहूवर दोन भावांचं भागत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

अशा वेळी मला स्वामी रामानंद तीर्थ आठवतात. आपल्या पोरांच्या पदवीवर ज्या विद्यापीठाचा शिक्का बसतो, त्याला त्यांचं नाव आहे. पण हा माणूस कोण, असं विचारलं तर पोरं स्वातंत्र्यसैनिक एवढंच सांगून मोकळी होतात. ते आधी मास्तर होते, हे फार थोड्यांना माहीत असतं.

त्यांचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३ चा, आजच्या कर्नाटकातला. सोलापुरात शिकत असताना असहकाराच्या चळवळीत त्यांनी सरकारी शाळा सोडली आणि पुढं टिळक विद्यापीठाचं शिक्षण घेतलं. नंतर कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे चिटणीस म्हणून राहिले. गिरणीतल्या माणसाचे हाल तिथं जवळून पाहिले. पुढं आजारपण आलं, ते काम सुटलं आणि हा तरुण आला हिप्परग्याला. हे गाव आपल्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं. तिथं १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली होती.

आता त्या वेळचा काळ डोळ्यासमोर आणा. निजामाचं राज्य. आपला निलंगा तेव्हा बीदर जिल्ह्यात. घरात मराठी, कचेरीत उर्दू, आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातलं शिक्षणही उर्दूतच. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे. कुळवाड्याच्या पोरानं वरपर्यंत शिकावं कसं? अशा मुलखात हिप्परग्याची शाळा मराठीतून शिकवत होती. तिथंच १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला आणि ते रामानंद तीर्थ झाले. गंमत बघा, लोक संन्यास घेऊन हिमालयात जातात, हे मात्र भगव्या कपड्यात फळ्यापुढं उभे राहिले!

१९३५ साली ते बाबासाहेब परांजपे यांच्यासह मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला गेले. तिथं योगेश्वरीची शाळा उभी केली. शिक्षण म्हणजे नुसता मुलगा पास करणं नव्हे, गावाचं काम अंगावर घेणारा माणूस तयार करणं, अशी त्यांची समजूत होती. ती खरी ठरली की नाही, ते १९३८ साली दिसलं. स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला, स्वामीजी तुरुंगात गेले आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं गावोगाव कार्यकर्ते म्हणून उभी राहिली. चळवळीला माणसं लागतात, ती आधी शाळेत घडली होती. पुढचा लढा तुम्ही जाणता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं, तेव्हा स्टेट काँग्रेसचे हे अध्यक्ष कैदेतच होते.

मला खरं महत्त्वाचं वाटतं ते याच्या पुढचं. लढा जिंकलेला माणूस खुर्ची धरून बसतो, असं आपण पाहतो. स्वामीजी दोन वेळा लोकसभेत गेले खरे, पण मंत्रिपदाच्या मागं लागले नाहीत. १९५० साली त्यांनी नांदेडला शिक्षण संस्था काढून पीपल्स कॉलेज सुरू केलं. त्याच साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं. स्वतंत्र होऊन दोनच वर्षं झालेल्या मुलखाला पहिली गरज कशाची, हे दोघांनीही ओळखलं होतं. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला त्यानंतर आठ वर्षं लागली. पीपल्स कॉलेजातच पुढं नरहर कुरुंदकर प्राचार्य झाले, यावरून तिथली हवा ओळखा.

कॉलेजसोबत दुसरं काम खादीचं. नांदेडच्या खादी समितीची प्रेरणा त्यांचीच. आपल्या उदगीरला राष्ट्रध्वजाचं कापड विणलं जातं, ते याच समितीच्या केंद्रात. पदवी एका हातात आणि हातमाग दुसऱ्या हातात, असा त्यांचा हिशेब होता. ज्याला पदवी जमणार नाही, त्यालाही गावातच कामाला लावायचं. हा हिशेब पुरता जुळला, असं मी म्हणणार नाही. खादीवर सगळ्या गावाचं पोट कधीच भरलं नाही. कॉलेजं मात्र तालुक्या-तालुक्याला झाली. आजचा पेच आहे तो नेमका इथं. पोरगं पदवी घेतं, पण तालुक्याला कोणत्या कामाची माणसं लागतात, हे कॉलेजही विचारत नाही आणि आम्ही सरकारी माणसंही सांगत नाही. दालमिलला मिस्त्री मिळत नाही, ठिबक दुरुस्तीला माणूस लातूरहून बोलवावा लागतो, आणि पदवीधर पारावर बसून भरतीच्या जाहिराती वाचतो.

स्वामीजी २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत वारले. नांदेडचं विद्यापीठ १९९४ साली सुरू झालं, तारीख १७ सप्टेंबरचीच. परवा एका बापाला हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, साहेब, ते ठिबक दुरुस्तीचं शिक्षण कुठं मिळतं? फी किती? मी डायरी काढली आणि दोन ठिकाणी चौकशी करून कळवतो, असं त्याला लिहून घेतलं.