लुटरवर्थचा पाळक जॉन विक्लिफ

जॉन विक्लिफ ह्याचा जन्म इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यात सुमारे १३३० साली झाला. त्या काळी विद्या म्हणजे लाटिन विद्या, असेच युरोपात मानीत. ऑक्सफर्ड विद्यापीठात व्याख्याने व वादविवाद लाटिन भाषेतच चालत. पवित्र शास्त्रही जेरोमच्या लाटिन भाषांतरात वाचले जाई. जेरोमच्या काळी ती भाषा पुष्कळ लोकांच्या तोंडी होती. परंतु हजार वर्षांनंतर इंग्रज शेतकऱ्यास तिचे अक्षरही कळत नसे. ज्यास लाटिन येई तो शहाणा, इतर सारे अडाणी, असा विद्वानांचा समज होऊन बसला होता.

विक्लिफ स्वतः त्या विद्वानांत अग्रगण्य होता. १३६० साली तो बेलियल कॉलेजाचा प्रमुख होता, व १३७२ साली त्यास ईश्वरविज्ञानाचा डॉक्टर ही पदवी मिळाली. त्याचे मोठे ग्रंथ लाटिनमध्येच आहेत. तरी देवाचे वचन सर्वांचे आहे, म्हणून ते लोकांस त्यांच्याच भाषेत मिळाले पाहिजे, असे त्याने शिकविले. त्याच्या प्रेरणेने हेरफर्डचा निकोलस आदिकरून त्याच्या अनुयायांनी शास्त्राचे इंग्रजी भाषांतर केले. पहिल्या भाषांतरात शब्द इंग्रजी, पण वाक्यरचना लाटिनची राहिली. ती सामान्य वाचकास जड जाई, म्हणून पुढे ते सोप्या इंग्रजीत सुधारण्यात आले.

ह्यावर लेस्टरच्या मठातील नाइटन ह्या इतिहासकाराने मोठा खेद केला. पंडितांचे धन आता सामान्य जनांच्या, स्त्रियांच्यादेखील हाती गेले, हे त्यास सोसवेना.

१३८२ साली लंडन येथील धर्मसभेने विक्लिफची मते दोषी ठरविली. ऑक्सफर्ड सोडून तो लुटरवर्थ ह्या लहान गावी आपल्या मंडळीत राहिला, व १३८४ च्या डिसेंबरच्या ३१ तारखेस तेथेच मरण पावला. १४०९ साली परवानगीवाचून शास्त्राचे भाषांतर करण्यास बंदी झाली. १४२८ साली त्याची हाडे उकरून जाळली व राख स्विफ्ट नदीत टाकली. तथापि त्या इंग्रजी शास्त्राच्या सुमारे २५० हस्तलिखित प्रती अद्याप शिल्लक आहेत.

लाटिन येत नसती, तर त्या मंडळींस भाषांतर करताच आले नसते. तेव्हा दोष विद्येचा नव्हे, विद्येच्या गर्वाचा होय. आम्हा पाळकांस सेमिनरीत कठीण शब्द शिकावे लागतात; ते व्यासपीठावरून तसेच उच्चारणे हे भूषण नव्हे. आणि प्रिय वाचकहो, उपदेशातील एखादा शब्द समजला नाही, तर तो पाळकास विचारण्यास लाजू नका. समजून घेणे हा तुमचा हक्क आहे, व समजावून देणे हे आमचे काम आहे.