पायांना वाट दाखविणारे सेइइची मियाके



रेल्वेच्या फलाटावर किंवा मेट्रो स्थानकात उठावाच्या पिवळ्या फरशांची पट्टी आपण पाहिली असेल. पुष्कळांना ती सजावट वाटते. वास्तविक ती दृष्टिहीन बांधवांची वाट आहे. ही वाट शोधणाऱ्या सेइइची मियाके यांचा परिचय आज करून घेऊ या.

मियाके यांचा जन्म १९२६ साली जपानमध्ये झाला. ते इंजिनिअर नव्हते. ओकायामा येथे ते प्रवाशांसाठी विश्रामगृह चालवीत. त्यांचे मित्र हिदेयुकी इवाहाशी यांची दृष्टी हळूहळू जात होती. रस्त्यांवर मोटारींची गर्दी वाढत होती आणि पांढरी काठी घेऊन चालणाऱ्यांचे जीव धोक्यात येत होते. बुटातूनही पायाच्या तळव्याला जमिनीतला फरक कळतो, हे मित्राशी बोलताना मियाके यांच्या ध्यानात आले. त्यातूनच १९६५ साली त्यांनी स्वखर्चाने उठावाच्या गोल टिकल्यांची सिमेंटची फरशी तयार केली.

१८ मार्च १९६७ रोजी ओकायामाच्या अंधशाळेजवळील चौकात या फरशा प्रथम बसविल्या गेल्या. सुरुवातीला मागणी फारशी नव्हती. मियाके यांनी फरशा विनामूल्यही दिल्या, पैशांची ओढाताण सोसली, पण काम सोडले नाही. १९७० साली ओसाका येथील एका रेल्वे स्थानकाच्या फलाटावर त्या बसल्या आणि पुढे जपानभर पसरल्या. १९८२ साली मियाके यांचे निधन झाले. २०१२ साली अशा फरशांसाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरले. आज भारतासह अनेक देशांत त्या दिसतात.

या फरशांची भाषा सोपी आहे. लांब उभ्या रेघा म्हणजे पुढे चला, गोल टिकल्या म्हणजे थांबा, पुढे जिना, रस्ता किंवा फलाटाची कड आहे. अंधुक दिसणाऱ्यांनाही कळावे म्हणून रंग बहुधा पिवळा असतो.

परंतु याच पट्टीवर आपण स्कूटर उभी करतो, सामान ठेवतो, दुकानाचा फलक मांडतो. पट्टीवर विश्वास ठेवून चालणारा माणूस त्यावर आदळतो, किंवा पट्टी सोडून थेट रहदारीत उतरतो. म्हणून पालकांना विनंती, की आपले वाहन या पट्टीवर लावू नये. विश्वस्त मंडळास विनंती, की शाळेत नवे बांधकाम होईल तेव्हा जिन्यापाशी व प्रवेशद्वारी या फरशांचा विचार व्हावा. आणि मुलांनो, पट्टीवर अडथळा दिसला तर तो बाजूला करा. जड असेल तर मोठ्यांना सांगा.