विश्लेषण : हैदराबाद मुक्त झाले, तरी निजाम आठ वर्षे पदावर कसा राहिला? स्वामी रामानंद तीर्थ यांच्या लढ्याची मागे पडलेली बाजू

निजामाने १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजांपुढे शरणागती पत्करली. दरवर्षी या दिवशी नांदेड, लातूरसह सगळ्या मराठवाड्यात ध्वजारोहण होते, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. ज्याच्याविरुद्ध हा लढा झाला तो सातवा निजाम मीर उस्मान अली खान त्यानंतरही ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत राज्याच्या प्रमुखपदी होता, याचा उल्लेख मात्र भाषणांत सहसा येत नाही. राज्य चालवायला अपात्र ठरलेल्या प्रमुखाला पदावरून काढता येते का, हा प्रश्न मराठवाड्याने पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी प्रत्यक्ष भोगला आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांचे बहुतेक सार्वजनिक आयुष्य या एका प्रश्नाभोवती गेले.

कोण होते स्वामीजी?

मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे. शिक्षण सोलापुरात सुरू असताना असहकार चळवळीच्या हाकेवर त्यांनी सरकारी शाळा सोडली आणि पुढे पुण्याच्या टिळक विद्यापीठात शिकले. तिथे त्यांनी लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला. लोकशाही कशी घडत गेली याचा अभ्यास करणारा हा तरुण नंतर राहायला गेला तो मात्र एका माणसाच्या फर्मानावर चालणाऱ्या संस्थानात.

काही काळ कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम केल्यावर ते हिप्परगा (रवा) येथील राष्ट्रीय शाळेत आले. हे गाव आज धाराशिव जिल्ह्यात आहे. तिथेच १४ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये बाबासाहेब परांजपे यांच्यासोबत ते मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, योगेश्वरी शाळेत गेले. संन्यास घेऊनही ते मठात गेले नाहीत. मुलांना शिकवत राहिले आणि १९३८ मध्ये शाळा सोडून पूर्णवेळ राजकारणात उतरले.

संस्थानात राजा काढण्याची सोय होती का?

नव्हती. हैदराबाद संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस मैल आणि लोकसंख्या दीड कोटींहून अधिक होती. मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे त्यात होते. लातूर त्या वेळी स्वतंत्र जिल्हा नव्हता, तो उस्मानाबादचा भाग होता. कार्यकारी मंडळ निजाम नेमत असे आणि ते त्यालाच जबाबदार असे. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकानुसार आधी परवानगी लागे. राजाने काय चुकीचे केले हे विचारायला जागाच नव्हती, मग त्याला काढण्याचा ठराव मांडणार कुठे?

एक दार होते, पण त्याची किल्ली इंग्रजांकडे होती. संस्थानिकांवर ब्रिटिश सरकारची सार्वभौम सत्ता होती आणि ते तिचा वापर करत. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप झाला. चौकशी आयोगातील इंग्रज आणि भारतीय सदस्यांत एकमत झाले नाही, तरीही १८७५ मध्ये गैरकारभाराचे कारण देऊन त्यांना गादीवरून काढले गेले आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा एक मुलगा दत्तक आला. तेच पुढचे सयाजीराव. इंदूरचे तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी बावला खून प्रकरणानंतर १९२६ मध्ये गादी सोडली. त्याच वर्षी वऱ्हाड परत मागणाऱ्या निजामाला व्हाइसरॉय रीडिंग यांनी पत्र लिहून बजावले की कोणताही संस्थानिक ब्रिटिशांशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करू शकत नाही.

म्हणजे राजा हटवता येत होता. पण कोण अपात्र हे प्रजा ठरवत नव्हती, ते साम्राज्याच्या सोयीने ठरत होते. निजामाने दोन्ही महायुद्धांत इंग्रजांना भरघोस मदत केली होती. त्याला कोण हात लावणार?

मग चळवळीने सुरुवातीलाच निजाम हटवा असे का म्हटले नाही?

आज वाचताना हा भाग खटकतो. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला झाले आणि दुसरे १९३८ मध्ये लातूरला. परिषदेची आणि त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसची मागणी होती ती निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धतीची. राजा राहू दे, पण मंत्री लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाला जबाबदार असावेत, असा त्याचा अर्थ.

ही मागणी भित्रेपणाची म्हणता येणार नाही. सभाबंदीच्या राज्यात याहून पुढे जाणे म्हणजे पहिल्याच दिवशी राजद्रोह ठरला असता. शिवाय मंत्रिमंडळ विधिमंडळाला जबाबदार झाले की खरी सत्ता राजाच्या हातून आपोआप सुटते. तो पदावर आहे की नाही, याला मग फारसे महत्त्व उरत नाही. निजामाच्या दरबारालाही हे कळत होते. त्यामुळे एवढी मवाळ मागणीही त्यांना परवडली नाही. सप्टेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात आणि १९४२ मध्येही त्यांना पुन्हा अटक झाली. बंदी उठायला १९४६ साल उजाडले. त्यानंतर झालेल्या निवडणुकीत बुर्गुला रामकृष्ण राव यांना हरवून स्वामीजी स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

१९४७ मध्ये नेमके काय बदलले?

इंग्रज जाताना संस्थानांवरची आपली सार्वभौम सत्ता कुणाकडे सोपवून गेले नाहीत. ती संपली, एवढेच. १५ ऑगस्ट १९४७ नंतर निजामाला पदावरून काढू शकेल अशी एकही कायदेशीर यंत्रणा उरली नाही. त्याने तर जूनमध्येच भारत किंवा पाकिस्तान यांपैकी कुठेही न जाता स्वतंत्र राहण्याचे जाहीर केले होते.

छत्राखालची भाषा इथे संपली. भारतात विलीनीकरण आणि लोकांची सत्ता, अशी मागणी आता उघडपणे होऊ लागली. १५ ऑगस्टला तिरंगा फडकवण्याच्या कार्यक्रमात स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरमध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला, तेव्हा ते सुटले. जानेवारी १९४८ मध्ये त्यांना पुन्हा पकडले ते थेट पोलीस कारवाई होईपर्यंत.

दुसऱ्या बाजूला रझाकारांचा जोर वाढत होता. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरला वकिली करणारा. नांदेड भागात गोविंदराव पानसरे यांची १९४६ मध्येच अर्जापूरजवळ हत्या झाली होती. उमरखेडपासून बार्शी-सोलापूरपर्यंत सीमेवर सशस्त्र कॅम्प उभे राहिले. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील स्टेट बँक कार्यकर्त्यांनी लुटली. स्वामीजी तुरुंगात असताना चळवळीच्या कृती समितीची धुरा भोकरचे दिगंबरराव बिंदू यांच्याकडे होती.

पोलीस कारवाईनंतर निजामाला का ठेवले?

१३ सप्टेंबरला फौजा शिरल्या आणि पाच दिवसांत सगळे आटोपले. लायक अली यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. निजाम मात्र जागचा हलला नाही.

दिल्लीची कारणे हिशेबी होती. हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध तक्रार केली होती, ती निजामाच्याच नावाने मागे घेतली जाणे सोयीचे होते. इतर संस्थानिकांना दिलेल्या शब्दाचा प्रश्न होता. आणखी एक कारण जड मनाने सांगावे लागते. कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत मुस्लिमांवर मोठे अत्याचार झाले. पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. भेदरलेल्या समाजासमोर निजाम पदावर दिसणे दिल्लीला आवश्यक वाटले.

स्वामीजींना हे मान्य नव्हते. निजामशाही संपावी, संस्थानाचे भाषेनुसार तीन भाग व्हावेत आणि मराठवाडा महाराष्ट्रात जावा, ही त्यांची भूमिका होती. प्रत्यक्षात घडले ते असे : रझवीला शिक्षा झाली आणि तो १९५७ पर्यंत तुरुंगात राहिला. ज्याच्या राज्यात रझाकार पोसले गेले तो २६ जानेवारी १९५० रोजी हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला. वर्षाला ५० लाख रुपयांचा तनखाही ठरला. १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुला रामकृष्ण राव मुख्यमंत्री आणि बिंदू गृहमंत्री झाले, तेव्हा राज्याचे प्रमुखपद निजामाकडेच होते. स्वामीजींनी सत्तेचे पद घेतले नाही. ते गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून गेले.

घटनेनुसार त्याला काढता आले असते?

हो, आणि मेख इथेच आहे. मूळ राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६६ (२१) नुसार हैदराबादचा राजप्रमुख म्हणजे राष्ट्रपती ज्याला त्या वेळी निजाम म्हणून मान्यता देतील ती व्यक्ती. राष्ट्रपतींनी, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारने, मान्यता काढली की पदही गेले. हे केवळ कागदावर नव्हते. १९५१ मध्ये बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांची राजा म्हणून मान्यता सरकारने काढून घेतली आणि ती त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांना दिली. विलीन झालेल्या बडोद्यासाठी पुन्हा आवाज उठवणाऱ्या राजाला दूर करायला दिल्लीला अडचण आली नाही. निजाम शरणागतीनंतर मुकाट सह्या करत होता, म्हणून तो टिकला. इंग्रजांची मोजपट्टी आणि ही मोजपट्टी यांत फरक किती, हे वाचकांनीच पाहावे.

शेवटी निजाम गेला तो अपात्र ठरून नाहीच. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये राजप्रमुख हे पदच नको, अशी शिफारस केली. सातव्या घटनादुरुस्तीने ते रद्द झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तुकडे होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. भाषेनुसार विभागणीची स्वामीजींची मागणी पूर्ण झाली आणि तिच्यासोबत निजामाची खुर्चीही गेली. माणूस हटवता आला नाही, पद हटवले गेले.

आज अशी वेळ आली तर?

गावच्या सरपंचावर अविश्वास ठराव येतो, तसा तो पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळावरही येतो. लोकसभेत ५० सदस्यांचा पाठिंबा असेल तर ठराव दाखल होतो आणि साध्या बहुमताने सरकार पडते. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार विश्वासदर्शक ठरावावर एका मताने पडले होते. राष्ट्रपतींसाठी अनुच्छेद ६१ प्रमाणे महाभियोग आहे. त्याला दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मते लागतात आणि तो आजवर एकदाही चाललेला नाही. राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर असतात, मात्र ही मर्जी मनमानी असू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले.

यांतल्या एकाही तरतुदीत अपात्र हा शब्द नेता नालायक ठरला या अर्थाने येत नाही. पंतप्रधानांच्या बाबतीत प्रश्न बहुमताचा असतो, राष्ट्रपतींच्या बाबतीत घटनाभंगाचा. अमेरिकेत १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने कर्तव्य पार पाडण्यास असमर्थ झालेल्या अध्यक्षाला बाजूला करण्याची वाट ठेवली, पण तिथेही पहिले पाऊल उपाध्यक्ष आणि मंत्र्यांनीच उचलावे लागते. म्हणजे तरतूद असली तरी ती वापरणारी माणसे लागतात. १९५० ते ५६ या काळात हैदराबादबाबत तरतूद होती, वापरणारे नव्हते.

स्वामीजींचे पुढे काय झाले?

१९५७ मध्ये ते औरंगाबादमधून पुन्हा लोकसभेत गेले. त्याआधी १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले, त्यामागच्या नांदेड एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत ते होते. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीच्या महाविद्यालयांसाठी १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. निजाम २४ फेब्रुवारी १९६७ रोजी वारला. संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता २६ व्या घटनादुरुस्तीने २८ डिसेंबर १९७१ रोजी संपल्या. त्यानंतर २५ दिवसांनी, २२ जानेवारी १९७२ रोजी, स्वामीजींचे निधन झाले. त्यांची समाधी हैदराबादेत बेगमपेठला आहे.