चिलटांच्या कुळाचा शोध घेणारा

पिकल्या केळ्यांवर जमणारी चिलटे आपण हाताने वारतो. थिओडोसियस डॉबझान्स्की यांनी तसल्याच माश्यांपायी उभा जन्म वेचला. परमुलखात संसार मांडलेल्या आम्हां मंडळींस त्यांचे चरित्र आणखीही एका कारणाने जवळचे वाटते.

युक्रेनमधील नेमिरिव्ह गावी २५ जानेवारी १९०० रोजी त्यांचा जन्म झाला. बालपणी छंद कीटक गोळा करण्याचा. १९२७ मध्ये शिष्यवृत्ती मिळून ते पत्नी नताशा यांच्यासह न्यूयॉर्कला मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत आले. मुक्काम तात्पुरता होता. मायदेशी परतणे मात्र पुन्हा घडले नाही.

बाटलीतल्या माश्या सोडून डॉबझान्स्की रानातल्या माश्यांकडे वळले. रानमाशी दिसायला धडधाकट. पण तिच्या वंशात भावाबहिणींचा संकर घडवून एकाच गुणसूत्राची जोडी जुळविली, की झाकलेले दोष उघडे पडत. कित्येकदा अशी संतती जगतच नसे. मामेबहिणीशी सोयरीक ठरविणारे आमचे वाडवडील हे ऐकून काय म्हणाले असते, कोण जाणे!

याहून नवल पुढेच आहे. या माश्यांच्या तिसऱ्या गुणसूत्राचे तुकडे निरनिराळ्या रीतींनी उलटे बसलेले आढळत. कॅलिफोर्नियातील सॅन हासिंटो पर्वतावर महिनोन्‌महिने माश्या पकडून त्यांनी मोजदाद केली. मार्चपासून जूनपर्यंत एक रचना घटे, दुसरी वाढे. भर उन्हाळ्यात पारडे फिरे. लाखो वर्षांची मानलेली उत्क्रांती एका वर्षात डोळ्यांदेखत चालली होती. मग सूअल राइट यांच्या साह्याने त्यांनी माश्या पिंजऱ्यात वाढविल्या. २५ अंश उष्णतेत त्या दोन रचनांचे प्रमाण सुमारे सत्तरास तीस असे येऊन स्थिरावले. एकीचाही निःपात झाला नाही, कारण दोन्हींची मिश्र जोडी बाळगणारी माशीच सरस ठरत होती. निसर्गात असे वैविध्य कितपत हितकर, यावर म्यूलर यांच्याशी त्यांचा दीर्घ वाद झाला. आम्हांस तो वाद दोघांच्याही थोरवीचा वाटतो.

तिकडे रशियात लायसेंको यांचे प्रस्थ माजले. त्यांचे पुस्तक डॉबझान्स्की यांनी १९४६ मध्ये स्वतःच इंग्रजीत उतरविले, जगाने ते वाचून पारखावे म्हणून. १९४८ मध्ये तेथे आनुवंशिकीवर बंदी आली आणि अनेक संशोधकांची पदे गेली. मायभूमीत राहिलेल्यांचे हाल डॉबझान्स्की यांना दुरूनच पाहावे लागले.

१८ डिसेंबर १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे त्यांचे निधन झाले. आदल्या दिवसापर्यंत ते काम करीत होते.