हेन्री फोर्डचे ब्रेक

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी कॉन्व्हेंटचा प्रॉडक्ट आहे. मराठी हा दहावीपर्यंत फक्त एक विषय होता, तोही कसाबसा सुटलेला. त्यामुळे मराठी विभागासाठी कोणा थोर माणसाचं चरित्र लिहून द्यायला सांगितलं, तेव्हा पोटात गोळाच आला. शेवटी असा माणूस निवडला ज्याने अख्ख्या अमेरिकेला गाडीत बसवलं, पण गाडी थांबवायची चांगली पद्धत मान्य करायला पंचाहत्तरी गाठली. हेन्री फोर्ड!

निमित्त माझंच आहे. माझ्याकडे बाबांची जुनी बाईक आहे, पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक. पुढचा ब्रेक नीट लागत नव्हता. मला पुढे डिस्कच हवी होती, आणि बाबांच्या मते गाडी इतकी वर्षं व्यवस्थित चालली होती, मग बदल कशाला? या वादात सहा महिने गेले. गेल्या पावसाळ्यात गेटच्या उतारावर गंजलेली केबल तुटली आणि आम्ही थेट मेसच्या कुंपणात. मला फक्त खरचटलं, पण मागे बसलेल्या रूममेटचं मनगट मोडलं. आठवड्यावर परीक्षा होती. त्याचे पेपर ज्युनिअरने लिहिले, आणि मी तोंड लपवत फिरत होतो. त्या दिवसांत लायब्ररीत ब्रेकबद्दल मिळेल ते वाचलं, आणि त्यातून हेन्री फोर्ड सापडला.

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी मिशिगनमधल्या डिअरबॉर्नजवळ एका शेतकऱ्याच्या घरी झाला. शेतीत त्याचं मन रमलं नाही. सोळाव्या वर्षी तो डेट्रॉइटला मशीन शॉपमध्ये कामाला लागला, पुढे एडिसनच्या वीज कंपनीत इंजिनिअर झाला. १८९३ च्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री त्याने आपलं पहिलं पेट्रोल इंजिन घरच्या किचनच्या सिंकवर बांधून चालवलं. बायको क्लारा हाताने थेंब थेंब पेट्रोल सोडत होती आणि आत त्यांचा दीड महिन्याचा मुलगा एडसेल झोपला होता. या एडसेलला लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

४ जून १८९६ च्या पहाटे हेन्रीची पहिली गाडी, क्वाड्रिसायकल, तयार झाली. पण ती शेडच्या दारातून बाहेरच निघेना. मग गड्याने कुऱ्हाड घेऊन भिंतीच्या विटा फोडल्या! आपल्या वर्कशॉपमध्ये असं केलं तर सबमिशन विसरायचं. असो. गंमत म्हणजे या गाडीला रिव्हर्स गिअर नव्हता आणि ब्रेकही नव्हता.

१९०३ मध्ये फोर्ड मोटर कंपनी निघाली आणि १९०८ मध्ये मॉडेल टी आली. तिच्या पायातल्या ब्रेकचा पट्टा गिअरबॉक्सच्या आत ड्रमला आवळायचा. हाताच्या लिव्हरने मागच्या चाकांचे छोटे ड्रम लागायचे. पुढच्या चाकांना काहीच नाही. पट्टा झिजला की लोक रिव्हर्सचं पेडल दाबून गाडी थांबवायचे. इंजिन वीस हॉर्सपॉवरचं आणि रस्ते मातीचे, म्हणून चालून गेलं.

हेन्रीचं खरं मोठेपण किमतीत आहे. १९१३ मध्ये त्याने सरकती असेंब्ली लाइन आणली आणि एका चासीला लागणारा साडेबारा तासांचा वेळ दीड तासाच्या आसपास आला. १९१४ मध्ये त्याने कामगाराला दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली. सुरुवातीला ८५० डॉलरची गाडी १९२५ च्या सुमारास सर्वांत साध्या रूपात २६० डॉलरला मिळू लागली. १९२७ पर्यंत दीड कोटी मॉडेल टी निघाल्या. गाडी शेतकऱ्याच्या दारात आली ती या माणसामुळे. त्याची काळी बाजूही सांगायला हवी. १९२० च्या दशकात त्याच्या साप्ताहिकाने ज्यूंविरुद्ध विषारी लेखन छापलं, आणि १९३७ मध्ये त्याच्या कंपनीच्या माणसांनी युनियनवाल्यांना मारहाण केली. एकदा मनात बसलं की हा माणूस बदलत नसे.

ब्रेकच्या बाबतीतही तेच झालं. डिसेंबर १९२७ मध्ये मॉडेल ए आली आणि फोर्डच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक मिळाले. पण पेडलपासून चाकापर्यंत सगळ्या लोखंडी सळ्या. सळीचं ॲडजस्टमेंट जरा चुकलं की एक चाक आधी पकडणार आणि गाडी एका बाजूला ओढणार. याला उत्तर तेव्हाच बाजारात होतं. माल्कम लॉकहीडने तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक बनवले होते. पास्कलचा नियम आपण अकरावीत घोकला होता, तोच. मास्टर सिलिंडरमधला दाब सगळ्या चाकांना सारखा पोचतो. १९२४ मध्ये क्रायस्लरने ते चारही चाकांना लावले, १९३६ मध्ये शेवरलेही त्यावर गेली.

एडसेल १९१९ पासून कंपनीचा प्रेसिडेंट होता, पण नावाचाच. त्याला हायड्रॉलिक ब्रेक हवे होते. वडिलांचा विश्वास मात्र लोखंडावर, तेलाची नळी फुटली तर काय? १९३२ मध्ये हेन्रीने स्वस्तात व्ही-८ इंजिन दिलं, ६५ हॉर्सपॉवरचं. गाडी सुसाट झाली, ब्रेक तेच सळ्यांचे. शेवटी १९३९ च्या मॉडेलला हायड्रॉलिक ब्रेक आले. चार वर्षांनी, मे १९४३ मध्ये, एडसेल पोटाच्या कॅन्सरने गेला. वय फक्त ४९. म्हाताऱ्या हेन्रीने पुन्हा कंपनी हातात घेतली, १९४५ मध्ये नातवाकडे सोपवली आणि ७ एप्रिल १९४७ च्या रात्री तो वारला. नदीच्या पुराने घरातली वीज गेली होती. ज्या घरात मरण आलं तिथे कंदील आणि मेणबत्त्यांचाच उजेड होता.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. युद्ध संपल्यावर अमेरिकेतली, विशेषतः कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घ्यायची, मडगार्ड काढून वजन कमी करायची आणि व्ही-८ ची ताकद वाढवून सुकलेल्या तळ्यांवर पळवायची. यालाच हॉट रॉड म्हणतात. वेग वाढला, पण पुढचे ब्रेक सळ्यांचे. खिशात पैसे नाहीत. (आपल्यासारखेच!) मग ती भंगारात जायची आणि १९३९ ते १९४८ च्या फोर्डचे ड्रम, प्लेट आणि व्हील सिलिंडर काढून आणायची. थोडं घासकाम केलं की ते जुन्या ॲक्सलवर बसायचे. कसे काय? कारण हेन्रीने हट्टाने पुढचा सरळ ॲक्सल १९४८ पर्यंत तसाच ठेवला होता! ज्या हट्टाने चांगले ब्रेक उशिरा आले, त्याच हट्टाने ते नंतर स्वस्तात बसले.

पुढे काहींनी १९४८ च्या एफ-१ पिकअपचे ब्रेक बसवले. त्यात एक शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन दुसऱ्यालाही ढकलतो, त्यामुळे पायाला जोर कमी लागतो. मशीन डिझाइनमध्ये सेल्फ-एनर्जायझिंग म्हणून आपण जे गणित सोडवतो, ते हेच. आणि हेन्रीची भीती अगदीच खोटी नव्हती. एकाच सर्किटमध्ये गळती झाली तर सगळे ब्रेक जातात. म्हणून १९६८ पासून अमेरिकेत नव्या कारला दोन वेगळी सर्किट सक्तीची झाली. आज जुनी गाडी सुधारणाराही पहिल्यांदा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवतो.

हे वाचताना मला आधी वाटलं, बाबा म्हणजे हेन्री आणि मी बिचारा एडसेल. पण नंतर लक्षात आलं की मीही हेन्रीच होतो. डिस्क नाही तर काहीच नाही, हाही हट्टच. केबल बदलायला मला कोणी अडवलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत बाबा आणि मी मिळून पुढचं चाक खोललं. नवे लायनर, नवी केबल, आणि लेथवर ड्रमला एक पास. खर्च पाचशेच्या आत. गाडी थांबते. डिस्कचा विषय पुन्हा निघाला नाही.

रूममेटचं प्लास्टर निघालंय. तो परत मागे बसतो, पण उतार आला की अजून माझा खांदा धरतो. हेन्रीचं चरित्र वाचून मला एवढंच कळलं, की ब्रेक महाग असल्यामुळे राहून जात नाही, आपण ऐकत नाही म्हणून राहून जातो. तेव्हा मित्रांनो, आज हॉस्टेलच्या स्टँडवर जाऊन आपापली पुढची केबल एकदा ओढून बघा.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल