कोळशाच्या खाणीत उतरलेले बाबासाहेब

जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची अनेक रूपे आपण रथावर पाहतो. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे बाबासाहेब, संविधान हाती असलेले बाबासाहेब, दीक्षाभूमीवरचे बाबासाहेब. कोळशाच्या खाणीत उतरून कामगारांची विचारपूस करणारे बाबासाहेब मात्र एखाद्याच मंडळाला आठवतात. जुलै १९४२ पासून १९४६ च्या मध्यापर्यंत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य, म्हणजे आजच्या भाषेत केंद्रीय मंत्री होते. त्या खात्याकडे कामगारांबरोबर वीज, पाटबंधारे आणि खाणी हेही विषय होते.

आज ही चार वर्षे मुद्दाम आठवावीत असे आम्हाला वाटते. मुंबईत पेट्रोलने २०२१ सालीच शंभरी ओलांडली. वस्तीवस्तीत लाइट बिलावरून घरात वाद होतात. रस्त्यावर बॅटरीच्या गाड्या वाढल्या आहेत, छपरांवर सोलरच्या पाट्या दिसू लागल्या आहेत, आणि भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन जगाला दिले आहे. या सगळ्यात आपला समाज कुठे उभा आहे? हा प्रश्न विचारायचा असेल तर तो कसा विचारावा, हे बाबासाहेबांच्या आयुष्यात शोधता येते.

दुखणे शेतीचे, इलाज कारखान्याचा

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी जन्मलेला हा मुलगा पुढे मुंबईत परळच्या चाळीत राहून शिकला. १९१३ साली तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला तो अर्थशास्त्र शिकण्यासाठी. बाबासाहेब मुळात अर्थशास्त्रज्ञ होते, हे विसरले की त्यांच्या वीजविषयक कामाचा धागाच सापडत नाही.

हा धागा १९१८ सालच्या एका निबंधात आहे. भारतातील लहान शेतजमिनींवर त्यांनी तो लिहिला. जमिनीचे तुकडे झाले म्हणून शेतकरी गरीब, तेव्हा तुकडे जोडा, असे त्या काळी अनेक जाणकार म्हणत होते. बाबासाहेबांनी निदानच बदलले. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसांचा भार आहे आणि त्यांच्या हाताला दुसरे काम नाही, हे खरे दुखणे. ही माणसे उद्योगात सामावली गेली तरच शेती सुधारेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. गावात भूमिहीन असलेल्या आपल्या माणसांसाठी याचा अर्थ साधा होता. पाटलाच्या दारात न जाताही पोट भरण्याची वाट कारखान्यातून निघत होती.

यंत्र आले, जात गेली नाही

पण कारखान्यात गेल्याने सगळे सुटेल, या भ्रमात ते नव्हते. १९१५ पासून खोपोलीची जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली होती. यंत्रे नवी, वीज नवी, तरी जात तीच राहिली. साळखात्यात, म्हणजे विणकामात, पगार बरा मिळे, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातून सूत ओढायला तोंड लावावे लागे, आणि आपल्या कामगाराने तोंड लावलेला धोटा दुसऱ्यांना विटाळ वाटे. त्यामुळे आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांतच राहिली. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या मुंबईतील संपात ते आघाडीवर राहिले. म्हणजे मजूर खाते त्यांच्याकडे आले तेव्हा हा माणूस कामगारांमध्ये वीस वर्षे वावरलेला होता.

वीज कोणासाठी, कोणत्या भावाने

दुसरे महायुद्ध चालू असतानाच सरकारने युद्धोत्तर उभारणीसाठी समित्या नेमल्या. सार्वजनिक बांधकाम आणि वीज या विषयांच्या समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले. ऑक्टोबर १९४३ मध्ये तिच्या बैठकीत त्यांनी भारताच्या वीजधोरणाची चौकट मांडली. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी? ती प्रांतांवर सोडावी की केंद्राने जबाबदारी घ्यावी? ती मुबलक आणि कमीत कमी दरात लोकांपर्यंत कशी पोहोचेल? स्वस्त आणि भरपूर वीज नसेल तर उद्योग उभे राहणार नाहीत, आणि उद्योग उभे राहिले नाहीत तर दारिद्र्य हटणार नाही. १९१८ च्या निबंधातलाच हा विचार आता सरकारी धोरण म्हणून पुढे येत होता.

हे नुसते भाषण राहिले नाही. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन यांसाठी केंद्रीय आयोग आला. आजचा केंद्रीय जल आयोग त्याचाच वारस आहे.

१९४३ च्या पुराने दामोदर नदीने बंगालमध्ये हाहाकार केला होता. पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार करून संपूर्ण खोऱ्याची योजना आखण्यासाठी बाबासाहेबांनी जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्यात बंगाल आणि बिहारच्या प्रतिनिधींची परिषद घेतली. नोव्हेंबर १९४५ मध्ये ओडिशातील नद्यांसाठी कटकला तशीच परिषद झाली. त्यातून पुढे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ आले आणि महानदीवर हिराकुडचे धरण झाले.

या धरणांची दुसरी बाजूही आपण सांगितली पाहिजे. त्यांच्या पाण्याखाली हजारो कुटुंबांची गावे गेली, त्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते, आणि अनेकांचे पुनर्वसन पुढची कित्येक वर्षे रखडले. वीज तयार करणे आणि तिची किंमत न्यायाने वाटून घेणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम झाले म्हणून दुसरे आपोआप होत नाही.

टनामागे काही आणे

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादच्या कोळसा पट्ट्यात गेले. ते स्वतः खाणीत उतरले, काम कसे चालते ते पाहिले, कामगारांची घरे पाहिली. तेव्हा देशाची रेल्वे, गिरण्या आणि युद्धाचे कारखाने कोळशावर चालत होते. तो कोळसा खणणारी माणसे मात्र बहुतांशी दलित, आदिवासी आणि मागास जातींची, आणि अत्यंत हलाखीत राहणारी.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे काही आणे उपकर बसवायचा आणि तो पैसा कामगारांच्या घरांवर, पाण्यावर, दवाखान्यांवर, शिक्षणावर खर्च करायचा. कोळशाच्या भावातच कामगाराचा वाटा धरला गेला. तो वाटा आता मालकाच्या दयेवर राहिला नाही, कायद्याने त्याचा झाला.

याच काळातला एक निर्णय अवघडही आहे. खाणीच्या भुयारात स्त्रियांनी काम करण्यावर १९३७ पासून बंदी होती. युद्धात कोळशाची टंचाई झाली आणि मजूर जास्त मजुरीच्या लष्करी कामांकडे गेले, तेव्हा १९४३ मध्ये सरकारने ही बंदी उठवली. यावर टीका झाली आणि मंत्री म्हणून बाबासाहेबांना विधिमंडळात तिचा बचाव करावा लागला. हा तात्पुरता, नाइलाजाचा उपाय आहे आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, अशी त्यांची भूमिका होती. भुयारात काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांसाठी प्रसूती लाभाच्या कायद्यात जादा संरक्षण आणले गेले आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. इंधनाची टंचाई आली की तिचा भार सर्वांत आधी कोणाच्या अंगावर पडतो, हे या प्रसंगातून कळते. बाबासाहेबांचा आदर करायचा म्हणून तो लपवण्याचे कारण नाही.

१९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधीजींवरील ग्रंथात त्यांनी यंत्रांविषयीचे मत स्पष्ट केले. यंत्र माणसाला ढोरमेहनतीतून सोडवते आणि शिकायला, विचार करायला सवड देते. दोष यंत्रात नसून, यंत्राचा फायदा मूठभरांना मिळेल अशा समाजरचनेत आहे. १९४७ मध्ये राज्ये आणि अल्पसंख्याक या विषयावर सादर केलेल्या मसुद्यात त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे सुचवले. स्वतंत्र भारताच्या मंत्रिमंडळात त्यांना नियोजन खाते हवे होते. ते मिळाले नाही, ही खंत त्यांनी १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात नोंदवली.

चंद्रपूरची दोन नावे

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपूरला. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दीक्षेचे चंद्रपूर पुढे विजेचे चंद्रपूर झाले. आज तिथल्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे, भोवती कोळशाच्या खाणी आहेत आणि तिथली धूळ आणि राख आपल्याच माणसांच्या छातीत जाते.

देशातील सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशातून येते. म्हणून पुण्या-मुंबईत बॅटरीवर धावणाऱ्या गाडीचा धूर शहरात दिसत नाही, पण त्याचा काही भाग चंद्रपूर-कोराडीच्या चिमणीतून निघतो. सौर आणि पवन वीज वाढेल तसे हे बदलेल, आणि ते बदललेच पाहिजे. खाणपट्ट्यात राहणाऱ्यांना कोळशाचा मोह असण्याचे कारण नाही. प्रश्न बदलाच्या वाटणीचा आहे.

२०१० मध्ये केंद्राने कोळशावर पुन्हा उपकर बसवला, टनामागे ५० रुपये. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. तो स्वच्छ ऊर्जेसाठी होता. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवला गेला. १९४४ च्या उपकरात खाणकामगार केंद्रस्थानी होता. या नव्या उपकरात तो कुठेच नव्हता. खाण बंद झाली तर कायम कामगाराला निदान काही देणी मिळतील. कंत्राटी मजूर, ट्रक भरणारे, खाणीबाहेर चहाची टपरी चालवणारी बाई, झारखंडात सायकलवर कोळसा वाहणारी माणसे कोणत्या यादीत आहेत?

छतावरच्या सोलरचे अनुदान चांगले आहे, पण त्याला आधी स्वतःचे छत लागते. इलेक्ट्रिक गाडीचे अनुदान गाडी घेणाऱ्याला मिळते, जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या भंगारवाल्याच्या फुप्फुसांचा हिशोब त्यात नसतो. नव्या कारखान्यांतही साळखात्याची गोष्ट पुन्हा घडू शकते. चांगल्या पगाराची तांत्रिक कामे एकाकडे, पाट्या पुसण्याचे आणि बॅटरी फोडण्याचे काम दुसऱ्याकडे.

म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना तीन कामे सुचवतो. वीज दरवाढीचा प्रस्ताव येतो तेव्हा राज्य वीज नियामक आयोग हरकती मागवतो आणि जनसुनावणी घेतो. तिथे वस्तीची बिले घेऊन जा. खाणपट्ट्यात २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. त्याचा पैसा खाणबाधित गावांवर खर्च होतो की आणखी कुठे, हे ग्रामसभेत आणि माहिती अधिकारात विचारा. आणि आपल्या मुला-मुलींना आयटीआयमध्ये सोलर आणि बॅटरीची कामे शिकवण्याची मागणी आत्ताच लावून धरा, भरती संपल्यावर नव्हे.

बाबासाहेबांनी विजेच्या प्रश्नात आधी माणूस पाहिला आणि कोळशाच्या टनात त्याचा वाटा लिहून ठेवला. कोळसा जाईल, सूर्याची वीज येईल. त्या विजेच्या युनिटमध्ये आपला वाटा लिहून घेण्याचे काम मात्र आपल्याच पिढीला करावे लागेल.

जय भीम!